डीटरला कुणी काम सांगेल का?

पन्नाशी ओलांडली की आमच्या उस्मानपुऱ्यातल्या पुरुषांना बोलायला दोनच विषय उरतात: गुडघे, आणि निवृत्तीनंतर परदेशात राहायला जाणं. गुडघ्यांवर मी मागं लिहिलंय. दुसऱ्या विषयाची तयारी म्हणून माझ्या फोनमध्ये एक यादी आहे. पोर्तुगाल, पेनांग, चियांग माई. त्याखाली, माझा फोन सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या, हाती लागला तेव्हा तिनं टाइप केलेलं ‘जालना’. तिचं माहेर.

या यादीवरच लेख लिहायला बसलो होतो, तेवढ्यात डीटरचा फोन आला.

डीटर जर्मनीचा. वय सहासष्ट. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो, राहून गेलं. आमच्या वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशिनी बसवायला तो दोनदा आला होता, एकदा चार महिने आणि एकदा सात. मी तेव्हाही खरेदी विभागात होतो, आजही तिथंच आहे. त्याला लागणारे नट-बोल्ट मी कधीच वेळेवर दिले नाहीत आणि त्यातून आमची मैत्री झाली.

“मी निवृत्त झालो,” तो म्हणाला. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं; इथं मराठीत देतोय. “तुमच्याकडं राहायला येतोय.”

“ये की! किती दिवस?”

“कायमचा.”

फोन स्पीकरवर होता. मेथी निवडणारा सुनंदाचा हात थांबला. ‘तुमच्याकडं’ म्हणजे आमच्या दोन खोल्यांत नव्हे, आमच्या भागात, हा खुलासा यायला चार सेकंद लागले. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

आमच्या गल्लीतला दर दुसरा बाप पोराला जर्मनच्या क्लासला घालतोय, आणि एक अस्सल जर्मन उलट्या दिशेनं निघाला होता. मी कारण विचारलं. तो म्हणाला, तिकडं सगळं उत्तम आहे. शेजारी तीस वर्षं रोज नमस्कार करतात आणि तेवढंच करतात. इथं दारं उघडी असतात. “पण एक अडचण आहे,” तो म्हणाला. “मागं अकरा महिने राहिलो, तर कुणी मला पाण्याचा ग्लास उचलू दिला नाही. उरलेलं आयुष्य मला पाहुणा म्हणून काढायचं नाही. जिथं मला कुणीतरी काम सांगेल, तिथं घर घेईन.”

“एवढंच ना!” मी म्हणालो. खरेदी विभागात इतकी सोपी मागणी कधी येत नाही.

मुदत मात्र कडक होती. त्याचा तिकडचा भाड्याचा फ्लॅट त्याच्या भाचीला हवा होता आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तिला हो की नाही ते सांगायचं होतं. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी डीटर चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरला. हातात चार दिवस.

ज्यांना असला उलटा प्रवास कुणाला घडवून आणायचाय, त्यांच्यासाठी जरा कामाचं बोलतो. निवृत्त परदेशी माणसासाठी आपल्याकडं वेगळा व्हिसा नाही. पर्यटक म्हणून ढोबळमानानं अर्धं वर्ष इथं, अर्धं तिथं, असं जमवावं लागतं. (उन्हाळ्यात भाची त्याला एक खोली देणार होती.) घर विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं, आणि घरमालकाला त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी तपासा. माझ्यावर विसंबू नका, मी नट-बोल्टवाला माणूस आहे.

गुरुवार: उस्मानपुरा

सुरुवात आमच्याच गल्लीतून केली. देशमुखकाकांचा तिसरा मजला रिकामा आहे. मुलगा रवी टोरांटोला, म्हणून वरचा मजला रिकामा. मुलगी सिडनीला, म्हणून दुसरा रिकामा. मी, सुनंदा आणि डीटर आत शिरताच डीटरसाठी आतून खुर्ची आली. मग तिच्यावर उशी आली. मग पंखा त्याच्या दिशेनं वळवला गेला. फेब्रुवारीत.

चहा झाल्यावर डीटर स्वतःचा कप घेऊन स्वयंपाकघराकडं निघाला. काकूंचं वय त्र्याहत्तर, पण त्या अशा झेपावल्या की क्रिकेटवाल्यांनी त्यांना स्लिपमध्ये उभं करावं.

“अहो, काय करताय हे! लोक काय म्हणतील!”

डीटरनं मला हळूच विचारलं, “कुठले लोक? खोलीत तर आपण पाचच आहोत.”

मी ऑनलाइन नोंदणीचं सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा उतरला.

“म्हणजे पोलीस?”

“पोलीस घरी येत नाहीत काका, फॉर्म भरायचा फक्त.”

“मग रवीला विचारून सांगतो.”

रवीचं उत्तर अजून यायचंय. जिन्यात काकूंनी डीटरच्या हातात चिवड्याची पिशवी कोंबली. त्यानं ती मुकाट्यानं घेतली. परदेशी माणूस आपल्याकडं पहिल्या दिवशीच एक गोष्ट शिकतो, की पुढं आलेलं सगळं घ्यायचं आणि संपवायचं; त्यामुळं नको म्हटल्यावर आग्रह होतो, हे त्याला कधी कळतच नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शनिवारी तिच्यामुळं घोळ झाला.

दुपारी जुन्या शहरात नान-खलिया खाल्ला. मोठ्ठं पिवळं नान, तिखट रस्सा, दोघांचं मिळून साध्या थाळीइतक्यात भागतं. तिथं डीटर पहिल्यांदा मोकळा हसला. “इथं बरं आहे,” तो म्हणाला. “माझ्याकडं कुणाचं लक्षच नाही.”

शुक्रवार: गंगापूर

एसटीनं तासाभराच्या आत-बाहेर. वाळूजच्या चौकात ट्रक आडवा लागला असेल तर बाहेरच. सुनंदाला बायकांच्या सवलतीत अर्धं तिकीट. ते बघून डीटरनं स्वतःचे पांढरे केस दाखवून ज्येष्ठ नागरिकाची सवलत मागितली.

“आधार कार्ड?” कंडक्टरनं विचारलं.

“जर्मन आहेत ते,” मी म्हणालो.

“आसूद्या की. म्हातारपण आम्हाला दिसतंय साहेब, पर मशिनला आधारच लागतंय.”

डीटरला हे फार आवडलं. आल्यापासून पहिल्यांदा त्याला कुणी नाही म्हटलं होतं.

गंगापूरजवळ माझा शाळेतला मित्र नारायण ऊस लावतो. त्याच्या घराला वर एक झकास खोली आहे; खिडकीतून नजर पोचेल तिथवर ऊस. जेवायला ज्वारीची भाकरी, मेथी, ठेचा, आणि ताकाचा तांब्या रिकामा होण्याआधी भरणारी माणसं. डीटर खोलीवर खूश झाला. खाली तोडणी चालली होती. त्यानं बाह्या सरसावल्या आणि कोयता मागितला.

नारायण ओरडला, “आरं, साहेबाला कोयता देऊ नका! तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहायची नाय!”

मग तडजोड म्हणून डीटरच्या हातात एक तोडून सोललेला ऊस दिला आणि त्याचा फोटो काढला. तो फोटो कुठकुठं गेला ते देवाला ठाऊक, पण तासाभरात शाळेतून बोलावणं आलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग बचत गटाच्या बायकांनी दुसरी शाल घातली. परतताना रसवंतीवाल्यानं रसाचे पैसे घेतले नाहीत आणि तिसरी शाल घातली. रसवंतीवाल्याकडं शाल का असावी, हे मी अजून शोधतोय. शाळेत डीटरला चार शब्द बोलायला सांगितलं, तर तो त्याला येणारे तेवढेच बोलला: “थोडा उजवीकडं. बस. चालेल.” प्रेस मशिन बसवताना एवढं पुरतं. टाळ्या थांबेनात.

बसमध्ये तो मांडीवर तीन शाली घेऊन बसला होता.

“खोली सुंदर आहे,” तो म्हणाला. “पण तिथं राहिलो तर मी देवघरातला देव होईन. सकाळी हळदीकुंकू, दुपारी नैवेद्य.”

शनिवार: कन्नड

कन्नडला माझी मावशी राहते. सोनामावशी, वय अडुसष्ट. नवरा गेल्यापासून दहा एकर, दोन म्हशी आणि भगवान नावाचा मुलगा, तिन्ही तिनं एकटीनं सांभाळले. त्यांतल्या म्हशी तेवढ्या शहाण्या निघाल्या, असं ती म्हणते. भगवान साखर कारखान्यात कारकून आहे. त्यांनी जुनं पाडून नवं घर बांधलं आणि शनिवारी त्याची वास्तुशांत होती. दोनशे माणसाचं जेवण. मी निमंत्रित होतो, डीटर माझ्याबरोबर.

जाताना वेरूळवरून जा. बस घाट चढते तेव्हा डावी-उजवी दोन्हीकडं बघत राहावं. घाईत असाल तर काळीपिवळी जीप मिळते, पण ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि ‘भरली’ कशाला म्हणायचं हे ड्रायव्हर ठरवतो.

भगवाननं आधी घर दाखवलं. वर गच्चीला लागून एक खोली, खिडकीतून डोंगर. “ही भाड्यानं द्यायचीय,” तो म्हणाला. “फॉर्म-बिर्म मी भरीन. हापिसात जन्म त्यातच गेलाय.” डीटरनं खिडकी उघडून-मिटून बघितली, कडी हलवून बघितली, आणि काही बोलला नाही. खाली आलो तर खुर्ची तयार होती. तो उसासा टाकून बसला.

मेनू आमच्या भागातला नेहमीचा: वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टी म्हणजे गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे उकडून तळलेले गोळे. पत्रावळीवर कुस्करायचे, वरून वरण, वरून तूप, आणि मग दुपारी काही काम ठेवायचं नाही. आचारी रफिकभाई. गेली तीस वर्षं कन्नडमधल्या मोठ्या कार्यातली बट्टी त्यांच्याच कढईतून निघते, वास्तुशांत असो की लग्न.

पहिली पंगत बसली आणि कळलं, वाढपी कमी. वाढायला येणारी गल्लीतली पाच-सहा पोरं क्रिकेटच्या मॅचला पळालेली. मी पानावर बसलो होतो. डीटर खुर्चीतून उठून मांडवाच्या कडेला उभा होता. तेवढ्यात मावशी भरली परात घेऊन चुलाणाकडून आली. घामानं डबडबलेली, नजर परातीवर. समोर जे हात दिसले त्यांच्यात तिनं ती ठेवली.

“ही धर. पहिल्या रांगंपासून चालू कर. आन् उभा राहू नको!”

शब्द त्याला कळले नसतील, पण परात कळली. मी अर्धा उठलो, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी परत बसलो. सहासष्टाव्या वर्षी मला कुणी मशिन दिलंय, तू मध्ये येऊ नकोस, असा तो चेहरा होता.

डीटरनं वाढायला सुरुवात केली. प्रत्येकाला एक बट्टी. माझ्यापाशी आला, दुसरी उचलली, भुवया वर करून विचारलं. मी सवयीनं पत्रावळीवर हात धरला आणि म्हणालो, “बास, बास.” त्यानं नम्रपणे मान हलवली आणि पुढं गेला.

पुढं गेला! मी हात तसाच धरून बसलो. शेजारी वस्तीवरचे तात्या, वय ऐंशीच्या पुढं, तेही हात धरून.

“ह्यो गेला की रं,” तात्या म्हणाले.

“गेला.”

“परत येतंय का?”

“वाटत नाही तात्या. जर्मन आहे.”

पंगतभर तेच चित्र. चाळीस माणसं एका बट्टीवर, हात पत्रावळीवर आडवे, आणि प्रत्येक जण वाट बघतोय की आता याच्या आग्रहाला मान देऊन आपण नाइलाजानं आणखी तीन खाऊ. स्वतःहून मागणार कोण? मागितली तर लोक हावरट म्हणतील. पाणी पिऊन माणसं उठली. आणि उठलेली पंगत पुन्हा बसत नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

डीटर अर्धी भरलेली परात घेऊन चुलाणापाशी आला. चेहऱ्यावर समाधान. काहीही वाया गेलं नव्हतं.

रफिकभाईंनी परात बघितली. “या अल्ला! साब, ये क्या करे तुम? लोगां भूके उठ गए ना!”

तो आवाज ऐकून मावशी आली.

“कुणी वाढलं? कुणी वाढलं हितं? माझी दिराकडची माणसं एका बट्टीवर उठली! घर बांधलं आन् जेवाय घालाय पीठ उरलं नाय म्हणतील!”

“मावशी, अगं पाहुणे आहेत ते,” मी मध्ये पडलो.

“पाहुणा आसंल तुझा! परात कुणाच्या हातात व्हती? एवढं केस पिकल्यालं माणूस, आन् दुसऱ्यांदा इचारायचं कळंना व्हय? तोंडानं नको म्हणलं म्हणून काय पोट नको म्हणतंय का?”

हे बराच वेळ चाललं. मध्ये जर्मनीचा उद्धार झाला, मग माझा झाला, क्रिकेटचा झाला. डीटर सरळ उभा राहून ऐकत होता.

“काय म्हणतायत?” त्यानं मला विचारलं.

“म्हणतायत, थोडं जास्त वाढायला हवं होतं.”

“एवढंच? इतका वेळ?”

दुसरी पंगत बसायला लागली होती. मावशीनं परातीत ताज्या बट्ट्या ओतल्या आणि ती पुन्हा त्याच्याच छातीवर आदळली. दुसरं माणूसच नव्हतं. रफिकभाईंनी जाता जाता त्याला बाजूला घेतलं आणि हातवारे करत समजावलं. मी भाषांतर करत होतो.

“देखो साब. वो नक्को बोलता, वो सुनना नक्को. हात देखना. हात पूरा पत्तल पे दबाया, तो सच्ची नक्को. हात ऊपरइच है, हवा में, तो दो डालो. और उंगलियां खुली है, तो पूछना भी नक्को, डालो और आगे बढ़ो.”

डीटरनं हे दोनदा वदवून घेतलं. चाळीस वर्षं त्यानं मशिनचे दिवे आणि काटे वाचण्यात घालवलेली. तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो आणि काटा बघायचा असतो, हे त्याला एकदम पटलं. मग त्यानं दुसऱ्या पंगतीची जी अवस्था केली, तिची आठवण कन्नडमध्ये अजून निघते. हवेतला एकही हात त्यानं सोडला नाही. तहसीलमधल्या एका सडपातळ कारकुनाला सात बट्ट्या. त्याच्या बोटांमध्ये फट होती, त्याला डीटर काय करणार?

पण जेवण त्याला गेलं नाही. शेवटच्या पंगतीत तो मावशी, रफिकभाई आणि घरच्या बायकांबरोबर खाली बसला, समोर बघत दोन घास खाल्ले आणि उठला. खोलीचा विषय भगवाननं काढला नाही, त्यानंही काढला नाही. मुक्काम करायचा बेत होता, तो मोडून आम्ही संध्याकाळच्या बसनं परतलो. मी निघताना मावशीची माफी मागितली. ती भांडी मोजत होती, तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

“एकच काम मिळालं,” डीटर बसमध्ये म्हणाला, “आणि मी चाळीस माणसं उपाशी उठवली. उद्या भाचीला सांगतो, फ्लॅट सोडत नाही.”

घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, झोपून उठा, मग ठरवा. पण तिलाही फारशी आशा दिसत नव्हती.

रविवार: घरी

दुपारी चारला डीटर फोन हातात घेऊन गॅलरीत बसला. तेवढ्यात माझा वाजला. मावशी. मी स्पीकरवर टाकला आणि घाईघाईनं सुरू झालो, “मावशी, कालचं मनावर घेऊ नकोस...”

“कालचं काय? काल झालं ते झालं. त्यो डीटर हाय का तिथं?”

“आहे.”

“त्याला इचार, वरची खोली घेणारे का नाय. उगं बघून जातंय आन् बोलत नाय. मला दुसरं गिऱ्हाईक बघाय बरं.”

“विचारतो...”

“आन् ऐक. घेतली तर मी झाडून-बिडून ठेवणार नाय. माझं कंबरडं गेलंय. आल्यावर त्याचं त्यानं झाडून घ्यायचं. टाकीचा कॉक बी गळतोय, मशिनवालं हाय नव्हं, त्यो बघ म्हणावं. मार्गशीर्षात दिराच्या संतोषचं लग्न हाय. बट्ट्या तेवढ्या त्याच्याकडं. रफिक म्हणतंय, गल्लीतल्या पोरांना शिकवून शिकवून थकलो, पर हे माणूस बरं शिकलं. आन् त्या पोरांच्या नादाला लागून म्याचला जायचं नाय, सांगून ठेव.”

फोन ठेवला.

“काय म्हणाल्या?” डीटरनं विचारलं. “या वेळी सगळं सांग. शब्दशः.”

मी सांगितलं. झाडायचं, कॉक, बट्ट्या, मॅच. कंबरड्यासकट. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “खोली झाडायचं वाक्य पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं. मग त्यानं भाचीला फोन लावला. जर्मन मला येत नाही, पण मध्ये ‘बट्टी’ हा शब्द तीनदा आला, आणि तिसऱ्यांदा त्याला तो अक्षरं सुटी करून सांगावा लागला.

फोन ठेवून तो सुनंदाला म्हणाला, “झाडू तिथं मिळतो, की इथून न्यायचा?”

सुनंदानं त्याला घरातली केरसुणी आणि अंगणातला खराटा यांतला फरक समजावला. त्यानं दोन्ही नावं वहीत लिहून घेतली. गच्ची आहे म्हटल्यावर खराटाही लागेल, यावर दोघांचं एकमत झालं.

मी आत जाऊन माझी यादी उघडली. मी ती तीन वर्षं सांभाळलीय. हवामान, दवाखाने, भाडी, समुद्र किती लांब, सगळं लिहिलंय. पण तिथं मला काम कोण सांगेल, हा रकानाच नाही. मी तो टाकला आणि पोर्तुगालसमोर रिकामाच ठेवला. यादी खोडलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तुम्ही तुमची करत असाल तर तो रकाना आधी घाला, समुद्राचं नंतर बघू.

सोमवारी डीटर तिकडचा फ्लॅट रिकामा करायला परत निघाला; विमानाआधी आम्ही बसस्थानकावर गेलो. तीन शाली डीटरनं बॅगेत भरल्या होत्या, पण केरसुणी आणि खराटा विमानात नेण्यात अर्थ नव्हता. कन्नडच्या गाडीच्या ड्रायव्हरनं ते दोन्ही आपल्या सीटमागं उभे केले.

“उतरवून कुणाला देऊ?” त्यानं मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत डीटरनं उत्तर दिलं. त्यानं ते रात्रीच सुनंदाकडून घोकून घेतलं असावं.

“सोनामावशीला. सांगा, वरच्या खोलीचं सामान आहे. तिथंच ठेवा म्हणावं, मी आलो की झाडतो.”